याला कशाला?

श्रावणातली गोष्ट. म्हापशाला भावाकडे गेले होते. दोन दिवस पावसाने घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा उघाड पडली, तशी भाच्याने धोशा लावला, "आत्या, कळंगुटला जाऊया. रोनाल्डो बघायला." वय वर्षं नऊ. अंगात सात नंबरची लाल जर्सी, शुक्रवारच्या बाजारातून घेतलेली. पाठीवरची अक्षरं धुऊन धुऊन सुटत आलेली, पण ती जर्सी बाहेर जाताना घालायचीच असा त्याचा नेम. बसने गेलो. पुतळ्याजवळ पोचेस्तोवर पुन्हा भुरभुर सुरू झाली. पितळेवरून पाणी निथळत होतं, चौथऱ्याच्या कडेला हिरवी शेवाळ धरली होती, आणि एक कुत्रं अंग मुडपून निवाऱ्याला बसलं होतं. भाचा मान वर करून बघत राहिला. पावसाचे थेंब डोळ्यांत जात होते तरी पापणी मिटेना. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, युरोच्या फायनलचा गोल यानेच मारलेला ना? मी अगदी बाळ होतो तेव्हाचा?"

मी म्हटलं, "हो."

एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल, त्याचा फोटो काढायचा होता, चपलेत चिखल गेला होता. तेवढ्या गडबडीत 'हो' निघून गेलं. त्याचं समाधान झालं, फोटो निघाला, आम्ही गरम गरम भजी घेऊन परतीच्या बसला लागलो. बसच्या काचेवर वाफ धरली होती आणि तो बोटाने तीवर 7 काढत होता. मला मात्र ती भजी गोड लागेनात. मुलांशी बोलताना आपण पुष्कळदा वेळ मारून नेतो, त्याचं कधी एवढं वाटत नाही. या एका 'हो'ने मात्र पुढे आठ-दहा दिवस पिच्छा पुरवला. भांडी घासताना, पेपर तपासताना, रात्री दिवा घालवल्यावर. कारण तो गोल कुणी मारला हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तो डोळ्यांनी बघितला होता.

आणि तो बघताना हाच मुलगा माझ्या खांद्यावर होता.

2016चा जुलै. वहिनीला आई नाही, त्यामुळे बाळंतपण म्हापशातच झालं आणि मदतीला मी गेले. मला तेव्हा जाणं शक्यही होतं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, इतिहास शिकवते. तेव्हाही तेच करत होते. जून उजाडतो, वर्ग भरतात, पण आमच्या हातात नेमणुकीची ऑर्डर पडायला कधी ऑगस्ट, कधी सप्टेंबर उजाडतो. तोवर घरी. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार नाहीच, कारण जेवढे तास तेवढे पैसे. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, त्याच खोलीत त्याच माणसांसमोर. ज्यांनी हे काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तर त्या जुलैत मी अशीच ऑर्डरची वाट बघत होते, आणि बाळाला सांभाळत होते. बाळ दोन महिन्यांचं, दिवसभर ढाराढूर झोपायचं आणि रात्री बाराला डोळे टक्क उघडायचं. घरभर धुरीचा, वेखंडाचा आणि न वाळलेल्या लंगोटांचा वास. वहिनीला झोप मिळावी म्हणून रात्रीची पाळी माझी.

भावाचं ते घर भाड्याचं. जुनं, मंगलोरी कौलांचं. पलीकडच्या अर्ध्या भागात मालक राहायचे. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. तारवटी होते ते, उभं आयुष्य बोटीवर काढलेलं. आंटी गेल्यापासून एकटेच. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनला. बार्देशात आणि साष्टीत अशी किती घरं आहेत हे तिकडच्या माणसाला विचारावं. आजोबा-पणजोबांच्या जन्माच्या नोंदी शोधत लोक लिस्बनपर्यंत कागद धाडतात, कारण 1961च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो हक्क आहे. अंकल स्वतः मात्र गेले नाहीत. "हांव खंय वचूं?" म्हणायचे, आणि माडाकडे बोट दाखवायचे.

युरो म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा. तिची ती फायनल, पोर्तुगाल विरुद्ध फ्रान्स, आपल्या घड्याळाने रात्री साडेबाराची. मी बाळाला खांद्यावर टाकून पडवीत फेऱ्या मारत होते. अंकलच्या दारातून टीव्हीचा निळा उजेड बाहेर येत होता. त्यांनी हाक मारली, "यो गो बाय, भुरग्याक घेवन यो." आत गेले. कोपऱ्यात क्रुसाखाली मिणमिणता दिवा, कपाटातून डांबरगोळ्यांचा वास, आणि अंकलच्या गळ्यात लाल-हिरवा मफलर, जुलैच्या उकाड्यात. मी खुर्चीच्या कडेवर टेकले. पडद्यावर पोर्तुगालचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि अंकल उभे राहिले.

मी बसूनच राहिले. मला उठता येईना. माझं माहेर बांद्याच्या बाजूचं. पत्रादेवीचा नाका आमच्या घरापासून फार लांब नाही. 15 ऑगस्ट 1955ला जे सत्याग्रही ती सीमा ओलांडून पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरले आणि ज्यांच्यावर गोळीबार झाला, त्या गर्दीत माझे आजोबा होते. ते जिवंत परत आले, बरोबरचे सगळे आले नाहीत. त्या दिवसाबद्दल ते बोलत नसत. फक्त पावसाळ्यात डावा खांदा दुखायचा तेव्हा आजी तेल गरम करून आणायची आणि एवढंच म्हणायची, "फिरंग्याची आठवण आली." तर त्या आजोबांची नात रात्री साडेबाराला म्हापशात फिरंग्यांच्या संघाचा सामना बघायला बसली होती, आणि शेजारी उभा असलेला म्हातारा, ज्याने आम्हाला भाड्यात कधी एक रुपया वाढवून मागितला नव्हता, ते गाणं पुटपुटत होता. दोन्ही माणसं माझी होती. काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. बाळाच्या पाठीवर थोपटत राहिले.

पुढचं पुष्कळांना आठवत असेल. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसचं ते मैदान पाखरांनी भरून गेलं होतं. आदल्या रात्री दिवे चालू ठेवल्यामुळे हजारो पतंग तिथे जमले होते, खेळाडूंच्या मोज्यांवर, कोपऱ्यावरच्या झेंड्यांवर, कॅमेऱ्याच्या काचेवर. इकडे अंकलच्या ट्यूबलाइटभोवती आपले पावसाळी किडे घोंघावत होते आणि पंख गाळून फरशीवर पडत होते. आत कुठले आणि बाहेरचे कुठले कळेना. सामना जेमतेम सुरू झाला आणि फ्रान्सच्या पायेशी टक्कर होऊन रोनाल्डोचा गुडघा दुखावला. पट्टी बांधून परत आला, पुन्हा बसला, आणि 25व्या मिनिटाला स्ट्रेचरवरून बाहेर गेला. गवतावर बसून रडत होता तेव्हा एक पतंग त्याच्या डोळ्याशी येऊन बसला. तो त्याने हाकललाही नाही. अंकलनी रिमोट उचलून आवाज बंद केला. "सोंपलें गो बाय," म्हणाले. मफलर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पण टीव्ही बंद केला नाही.

तसं पाहिलं तर त्या स्पर्धेत पोर्तुगाल तिथवर पोचला हेच नवल होतं. गटातले तिन्ही सामने बरोबरीत, गटात तिसरं स्थान, मग क्रोएशियाला जादा वेळेत, पोलंडला पेनल्टीवर आणि शेवटी वेल्सला 2-0. देखणा खेळ कुणालाच दिसला नाही. त्यात आता कप्तान नाही. पुढचा तासभर आम्ही मुक्यानेच बघितला. फ्रान्सवाले चाल करून येत होते, पोर्तुगालचा गोलरक्षक पात्रीसियो अडवत होता, बचावपटू पेपे अंगावर झेलत होता. 79व्या मिनिटाला रेषेजवळ बोर्ड वर झाला. रेनातो सांचेस बाहेर, नऊ नंबर आत. एडर.

"हाका कित्याक?" अंकल म्हणाले.

याला कशाला? त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तोच मला लागला. कारण 'कित्याक'वरचा तो हेल मी आधी ऐकलेला होता, मराठीत, आमच्याच स्टाफरूममध्ये. एका समितीवर कुणीतरी माझं नाव सुचवलं तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या टोकाकडून सहज आलं होतं, "त्यांना कशाला? त्या सीएचबीच्या." बोलणाऱ्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. चहा आला आणि विषय पुढे सरकला. मी तिथेच बसले होते.

कोण हा एडर, हे मला त्या रात्री माहीत नव्हतं. नंतर शोधून शोधून वाचलं. पूर्ण नाव एडरझितो आंतोनियो मासेदो लोपेस. जन्म 22 डिसेंबर 1987चा, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊची राजधानी बिसाऊ इथला. लहानपणीच आईबापांनी पोर्तुगालला आणलं, पण पोसणं जमेना. मग आठेक वर्षांच्या वयात कोइंब्राच्या एका बालगृहात ठेवलं. तिथेच तो वाढला, तिथेच चेंडू लाथाडायला शिकला. इतिहासाच्या पुस्तकात अशा मुलाला ओळ मिळत नाही. मला मात्र त्या बालगृहाचा लोखंडी पलंग आणि रविवारी दुपारी फाटकाकडे लागलेले डोळे दिसतात; ही माझी कल्पना, त्याने कुठे असं सांगितल्याचं मी वाचलेलं नाही. पुढे छोटे छोटे क्लब, मग कोइंब्राचा अकादेमिका, मग ब्रागा. ब्रागात गोल व्हायला लागले आणि देशाच्या संघातून बोलावणं आलं.

पण स्ट्रायकर म्हटल्यावर लोक फक्त गोल मोजतात. उंच, धिप्पाड, पाठ गोलकडे करून बचावपटूला अंगावर घेणारा, दुसऱ्यासाठी जागा करून देणारा खेळाडू प्रेक्षकांच्या नजरेत भरत नाही, त्यातून समोर फिगो, पाउलेता, रोनाल्डो बघून वाढलेले प्रेक्षक. 2014च्या विश्वचषकात जर्मनीकडून 4-0 असा मार खाल्ला त्या सामन्यात तो बदली म्हणून आला होता. देशासाठी खेळताना त्याचा पहिला गोल व्हायला 2015 उजाडलं. तोवर स्वतःच्याच लोकांनी त्याला शिट्या घालून झाल्या होत्या, चेष्टेच्या चित्रांचा पाऊस पाडून झाला होता. त्याच 2015च्या उन्हाळ्यात तो वेल्समधल्या स्वान्सीला गेला. मोठी लीग, मोठी अपेक्षा. अर्धा हंगाम तिथे काढला आणि एकही गोल झाला नाही. 2016च्या सुरुवातीला त्याला फ्रान्समधल्या लील क्लबकडे लोनवर धाडलं.

लोनवर. फुटबॉलमध्ये हा शब्द सरसकट वापरतात, पण मराठीत त्याचा अर्थ उच्चारून बघावा. उसना दिलेला माणूस. आपण वाटीभर साखर देतो तसा. कागदावर एका घरचा, राबतो दुसऱ्या घरी, आणि मुदत संपली की तिसरं घर. आईबापांनी बालगृहाच्या हवाली केलेला मुलगा वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी हवाली झाला. लीलमध्ये मात्र त्याचे पाय सुटले. गोल झाले, आणि युरो सुरू व्हायच्या आधी क्लबने त्याला कायम करून घेतलं. 'कायम' हा शब्द वाचताना मी थबकले, हे लपवत नाही. फेर्नांदो सांतोस या प्रशिक्षकाने त्याला 23 जणांत घेतलं तेव्हाही पोर्तुगालमध्ये हाच सूर होता की याला कशाला. फायनलच्या आधी अख्ख्या स्पर्धेत त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं आली होती, तीही बदली म्हणून.

त्या रात्री आत जाण्याआधी बाजूला लंगडत उभ्या असलेल्या रोनाल्डोने त्याला सांगितलं होतं की विजयाचा गोल तूच मारणार आहेस. हे एडरने स्वतःच नंतर सांगितलं. आणि आत जाताना त्यानेही सांतोसना सांगितलं की मी गोल मारतो. सुसाना तोरेस नावाच्या एका बाईकडे तो मनाच्या तयारीसाठी जायचा. गोल त्याने तिलाही अर्पण केला. ज्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही त्याला आपल्यावर विश्वास ठेवायला शिकवणं हे तिचं काम, आणि ते काम मैदानावर कुठेच दिसत नाही.

शून्य-शून्य. नव्वद मिनिटं संपून वर दोन मिनिटं झालेली, तेव्हा फ्रान्सच्या जिन्याकचा फटका खांबाला लागून परत आला. अंकलनी डोळे मिटले. जादा वेळ सुरू झाला. बाळ आता झोपेला आलं होतं, त्याचं डोकं माझ्या मानेत जड होत चाललं होतं, आणि मी ठरवलं की आता त्याला घरात नेऊन ठेवावं. पण उठवेना. मैदानावर आल्यापासून हा नऊ नंबरचा माणूस काय करतोय ते मला दिसायला लागलं होतं. चेंडू हवेतून आला की तो खाली उभा असायचा. दोन फ्रेंच खेळाडू त्याच्या पाठीला लटकलेले, आणि तो कमरेतून वाकून, कोपर टेकवून, चेंडू आपल्यांकडे पोचवायचा. फ्रान्सचा जोर तिथून ओसरला. जत्रेत पालखीचा दांडा खांद्यावर घेणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? सगळ्यांची नजर आतल्या देवावर. पण वळणावर तो दांडा कुणी किती पेलला हे शेजारच्या भोयाला बरोबर कळतं.

108व्या मिनिटाला पोर्तुगालच्या ग्वेरेरोची फ्री-किक क्रॉसबारवर धडकली. अंकल खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. पुढच्याच मिनिटाला मुतिन्योने चेंडू एडरकडे सरकवला. गोलपासून बराच लांब, पाठीवर फ्रान्सचा बचावपटू कोसिएल्नी. एडरने त्याला खांद्याने अडवून धरलं, वळला, आडवा धावला, एक पाऊल, दुसरं, तिसरं, वाटलं आता कुणाला तरी देईल, देण्यासारखं जवळ कुणी नव्हतं. उजव्या पायाने जमिनीलगत फटका. फ्रान्सचा गोलरक्षक लोरिस पूर्ण आडवा झेपावला, पण चेंडू त्याच्या हाताबाहेरून खालच्या कोपऱ्यात गेला.

अंकल ओरडले नाहीत. दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे राहिले आणि त्यांच्या घशातून कसलातरी बारीक आवाज निघाला, दार करकरल्यासारखा. ओरडले मीच. माझ्या आवाजाने बाळ दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. पावणेतीन वाजले होते. म्हापशात कुणीतरी भर पावसात फटाक्यांची माळ लावली, ती अर्धी फुटली आणि विझली. पडद्यावर एडर धावत सुटला होता, मग त्याने हातावर एक पांढरा हातमोजा चढवला आणि मूठ वर केली. अंकल माझ्याकडे आले, बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण केली, आणि म्हणाले, "हाका कित्याक म्हणलें हांवें." एवढंच. चुकीची कबुली द्यावी तसं. नंतर स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सामन्यानंतर सांतोस म्हणाले की कुरूप बदकाचं पिल्लू आज राजहंस झालं. जगभर छापून आलं, लोकांना आवडलं. मला ते आवडलं नाही. प्रेमाने म्हटलं असेल, पण आदल्या दिवशीपर्यंत तो कुरूप होता हे त्यात गृहीत धरलेलं आहे. गोल झाला नसता, चेंडू हातभर बाहेरून गेला असता, तरी तो त्या तीस मिनिटांत तेवढाच चांगला खेळला होता.

आणि एक गोष्ट मनाला खुपते, तीही सांगून टाकते. ज्या फ्री-किकवर चेंडू बारला लागला ती मुळात चुकीची दिली गेली होती. हात कोसिएल्नीचा लागला म्हणून त्याला पिवळं कार्ड मिळालं, पण चेंडू लागला होता एडरच्या हाताला. रेफरीच्या नजरेतून ते निसटलं. फ्री-किकवर गोल झाला नाही, गोल त्यानंतर वेगळ्या चालीतून झाला, त्यामुळे तो खोटा ठरत नाही. तरी तो हात मला दिसतो. माझ्या आवडत्या माणसाच्या गोष्टीत तो नसता तर बरं झालं असतं.

नंतर कितीतरी दिवस मी त्या संघाची यादी घेऊन बसायचे. एडर आणि दानिलो परेरा, दोघांचा जन्म बिसाऊचा. विल्यम कार्व्हाल्यो अंगोलाच्या लुआंडाचा. नानी केप व्हर्दचा. गिनी-बिसाऊत अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने 1963पासून पोर्तुगिजांविरुद्ध जंगलातून लढा दिला. 1973च्या जानेवारीत काब्राल यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. लिस्बनने ते मान्य केलं 1974मध्ये, तेही स्वतःच्या घरात क्रांती झाल्यावर. आपलं गोवा 1961ला सुटलं. म्हणजे माझे आजोबा आणि बिसाऊचे ते लढवय्ये एकाच दाराला धडका देत होते, एकमेकांची नावंही न ऐकता. आणि त्या बिसाऊत तेरा वर्षांनी जन्मलेल्या मुलाने पोर्तुगालला पहिला मोठा करंडक मिळवून दिला, जो आधी मोझांबिकच्या युसेबियोलाही मिळवून देता आला नव्हता, 1966च्या विश्वचषकात नऊ गोल मारूनसुद्धा. राज्य केलेल्या मुलखाची मुलं राज्य करणाऱ्याच्या झेंड्याखाली उभी राहतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं? मी वर्गात वसाहतवाद शिकवते, धडा पुरा करते, प्रश्नोत्तरं लिहून देते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. एडरसाठी पोर्तुगाल म्हणजे कदाचित कोइंब्रातलं ते बालगृहच, जिथे त्याला दोन वेळ जेवायला मिळालं. त्याने कुठलं गाणं गावं हे मी कोण सांगणार.

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरखाली मोठा पडदा लावला होता. तिथली एक चित्रफीत तेव्हा सगळीकडे फिरली: हरल्यावर रडणाऱ्या एका मोठ्या फ्रेंच माणसापाशी पोर्तुगालची जर्सी घातलेला एक लहान मुलगा जातो, त्याच्या हाताला धरतो, काहीतरी बोलतो, आणि तो माणूस त्याला मिठीत घेतो. फ्रान्समध्ये पोर्तुगिजांच्या दोन पिढ्या गवंडीकामावर आणि इमारतींच्या राखणीवर जगल्या. त्यांच्याच पोरांतला तो कुणीतरी असावा. ती चित्रफीत मी अंकलना दाखवली होती. त्यांनी ती तीन वेळा बघितली आणि स्विंडनला फोन लावला.

एडरचं पुढे काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही. तो लीलहून मॉस्कोच्या लोकोमोटिवला गेला, पुन्हा लोनवरच. 5 मे 2018ला झेनितविरुद्ध 87व्या मिनिटाला त्याने गोल केला आणि त्या एका गोलवर लोकोमोटिवला 2004नंतर पहिल्यांदा रशियाची लीग मिळाली. म्हणजे दोनदा, दोन देशांत, शेवटच्या घटकेला. महिन्याभरात विश्वचषक होता, आणि तोही रशियातच. पोर्तुगालचा संघ जाहीर झाला. एडरचं नाव नव्हतं. सांतोसकडे तेव्हा ताज्या दमाचे फॉरवर्ड होते आणि निवड जुन्या उपकारांवर होत नाही, हे मला कळतं. पण स्पर्धा त्याच्या दाराशी आली होती. तो ज्या शहरात राहत होता, त्याच शहरात त्याचा देश मोरोक्कोशी खेळला. त्या दिवशी तो कुठे होता, सामना बघितला की पडदे ओढून घेतले, असं कितीदा तरी मनात येतं. पुढे लोकोमोटिवने त्याला कायम करून घेतलं. 2021मध्ये तो सौदीतल्या बुरायदाच्या अल-राएदकडे गेला. बिसाऊ, कोइंब्रा, ब्रागा, स्वान्सी, लील, मॉस्को, बुरायदा. एवढ्या गावांचं पाणी प्यायलेल्या माणसाला जग ओळखतं ते सेंट-डेनिसच्या एका मिनिटासाठी.

कळंगुटचा पुतळा 2021च्या डिसेंबरात बसला. 410 किलो पितळ, 12 लाख रुपये. गोवा मुक्तीला साठ वर्षं नुकतीच पुरी झाली होती, म्हणून लोकांनी काळे झेंडे दाखवले. इथले फुटबॉलपटू काय कमी आहेत, फिरंग्याचा पुतळा कशाला, असं म्हणाले. माझ्या आजोबांनीही तेच म्हटलं असतं. तर दुसऱ्या बाजूने सांगत होते की मुलांनी बघावं, खेळायला लागावं. भाचा खेळायला लागलाच की. मला दोन्ही बाजूंचं पटतं. रोनाल्डोबद्दल माझी काही तक्रारही नाही. पोरांना त्याच्यासारखं व्हावंसं वाटलं तर बिघडलं कुठे? त्या रात्री लंगडत रेषेवर येऊन तो गळा फाटेस्तोवर ओरडत होता, आणि एडरच्या कानात ते वाक्य त्यानेच घातलं होतं. खटकतो तो माझा 'हो'. बदली म्हणून आलेला माणूस आठवायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तरी पुतळा ज्याचा, गोल त्याचा, असं मी म्हणून गेले. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या त्या माणसासारखंच, मनात काही वाईट नसताना.

गणपतीला पुन्हा म्हापशाला गेले. आरत्या झाल्या, मोदक झाले, रात्री मोठी माणसं पत्ते खेळायला बसली. अंकलच्या भागाला कुलूप आहे. ते गेले त्याला तीन वर्षं होतील, मुलगा वर्षातून एकदा येऊन कौलं चाळून जातो. मी भाच्याला घेऊन पडवीत बसले आणि सांगितलं, "मी तुला कळंगुटला चुकीचं सांगितलं. तो गोल रोनाल्डोने नाही मारला." तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला. मोबाइलवर लावून दाखवलं. गोल बघितला, पुन्हा बघितला. मग चित्र थोडं मागे गेलं आणि त्याने एकदम बोट टेकवून ते थांबवलं.

"आत्या, हात याचाच लागलाय."

"हो. याचाच."

"मग रेफरीने त्या दुसऱ्याला का कार्ड दिलं?"

"त्याला दिसलं नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. शेजारच्या वाड्यावर घुमट वाजत होतं. मग म्हणाला, "आणि मी रडलो तेव्हा?" मी म्हटलं, "खूप. अंकलनी तुझ्या कपाळावर बोट टेकलं तेव्हा थांबलास." त्याने नकळत कपाळावरून हात फिरवला. "आणि अंकल काय म्हणाले?" मी त्यांचं वाक्य त्यांच्याच कोकणीत सांगितलं, पहिलं आणि नंतरचं, दोन्ही. त्याला हसू आलं नाही. "तो आत कधी येतो ते दाखव," म्हणाला. मी चित्र आणखी मागे नेलं. बोर्डावर नऊचा आकडा उजळला. पाखरांनी भरलेल्या त्या उजेडात एडर रेषेबाहेर उभा होता, आपल्याला आत कधी घेतात त्याची वाट बघत, आणि भाचा मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्याचा चेहरा बघत होता.